गाळलेलं की फिल्टर केलेलं?

आमच्या भिलाईच्या घरात "चहा छान" म्हटलं की कुणी कौतुक समजत नाही, गाळणी शोधतं. हिंदीतलं 'छानना' आमच्या मराठीत असं मुरलंय. पुण्याची मावशी मात्र पहिल्या दिवशी म्हणाली होती, "अगं, अजून प्यायलेच कुठे?"

पण गोंधळ नेहमीच इतका गोड नसतो. आपण चहाही गाळतो आणि पाणीही गाळतो. इंग्रजीत मात्र दोन शब्द आहेत, स्ट्रेन आणि फिल्टर. मागच्या पावसाळ्यात एका लेखाचं भाषांतर करताना मी 'फिल्टर्ड वॉटर'चं बिनधास्त 'गाळलेलं पाणी' करून टाकलं. शेजारच्या काकूंनी तो वाचला आणि विचारलं, "मग नातवाला मलमलीतून गाळून दिलं तर चालेल ना गं?" मी गारच पडले.

म्हणजे बघा, चहापत्ती, लिंबाच्या बिया, पनीर असं डोळ्यांना दिसणारं काही गाळणीत किंवा फडक्यात अडवलं, की ते स्ट्रेन. या शब्दाचं लॅटिन मूळ 'आवळणे' असं आहे. चक्क्याचं फडकं आवळून बांधतो, ते आठवा. ताण या अर्थाचा 'स्ट्रेन'ही तिथलाच! फिल्टर आला 'फेल्ट'वरून, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीवरून. पूर्वी तिच्यातून द्रव गाळत. आता कागद, कँडल किंवा मेम्ब्रेन असतं आणि न दिसणारं बारीकसारीकही अडतं. किती बारीक, ते त्या फिल्टरवर अवलंबून.

फडकं अगदीच कुचकामी नाही हं. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी चार वेळा दुमडून पाणी गाळायला लावलं. कॉलराचे रुग्ण जवळपास निम्म्यानं घटले. हा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. दुमडलेल्या साडीची छिद्रं साधारण 20 मायक्रॉनची, कॉलराचा जंतू त्याहून कितीतरी लहान. सुटा जंतू सहज निसटतो. पण तो पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतो आणि ते साडीत अडकतात. जुनी साडीच का? वापरून धागे विसविशीत होतात, छिद्रं आणखी बारीक होतात.

उरलेले निम्मे रुग्ण मात्र राहिलेच. म्हणून काकूंना सांगितलं, मलमलीतून गाळा, पण नंतर खळखळून उकळा. लेखातली ती ओळ त्याच रात्री बदलली.

काकू आता रोज जिन्यातूनच ओरडतात, "छानलं पण, उकळलं पण!"