आजन्म म्हणजे कोणाचा जन्म?

दिवाळी आणि दिवाळे यांत अंतर ते किती? एका वेलांटीचे! वेलांटी पुसून मात्रा दिली की सणाचे संकट होते. ही जुनी कोटी आज आठवण्याचे कारण असे की, सध्या घरोघरी जी सणाची खरेदी चालली आहे तीत साड्या, फराळाचे सामान आणि आकाशकंदील यांच्या जोडीला एक असा जिन्नस येऊन बसला आहे, जो पिशवीत घालून घरी आणता येत नाही. मुलगी चित्रे काढते, तिला चित्रांचे सॉफ्टवेअर हवे. मुलगा गाण्यांना चाली लावतो, त्याला ध्वनिमुद्रणाचे हवे. धाकटे दीर लग्नकार्याच्या व्हिडिओंचे संकलन करून चार पैसे मिळवितात, त्यांना त्याचे हवे. आणि नेमकी मुहूर्तावर पडद्यावर जाहिरात झळकते : 'एकदाच पैसे भरा, आजन्म वापरा!'

"बाबा, एकदाच काय ते पैसे. मग पुन्हा बघायला नको," असे चिरंजीव म्हणतात. बाबा चष्मा पुसत विचारतात, "ते खरे, पण कंपनी धड आहे ना रे?" चिरंजीवांना हा प्रश्न जुन्या पिढीच्या संशयी स्वभावाचा वाटतो. आमच्या मते प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो आणखी थोडा पुढे नेला पाहिजे.

समजा, आपण शिवणाचे यंत्र घेतले आणि वर्षभरात त्याचा कारखाना बंद पडला, तर आपले काय बिघडते? फारसे काही नाही. सुई बाजारात मिळते, पट्टा मिळतो आणि नाक्यावरचा कारागीर तेलपाणी करून देतो. यंत्र आपले असते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पैसे मोजून आपण घेतो तो बहुधा वापराचा परवाना. पुष्कळ सॉफ्टवेअरे अधूनमधून कंपनीच्या संगणकाकडे 'हे गिऱ्हाईक आपलेच ना?' अशी चौकशी करतात. तिकडे उत्तर देणारेच कोणी उरले नाही, तर इकडे दार उघडत नाही. जी अशी चौकशी करीत नाहीत ती काही काळ सुखाने चालतात. परंतु पुढे संगणक बदलतो, त्याची मूळ प्रणाली बदलते आणि जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेनासे होते. ते दुरुस्त करावे, तर त्याचे मूळ लिखाण कंपनीच्या कुलुपात. नाक्यावरच्या कारागिराची येथे मात्रा चालत नाही.

कान सोनाराने टोचावे म्हणतात. या बाबतीत ते खरोखरच 'सोनार'ने टोचले आहेत. अमेरिकेत १९८७ साली ग्रेग हेंडरशॉट यांनी संगीतकारांसाठी 'केकवॉक' नावाचे सॉफ्टवेअर काढले. त्याच घराण्यातल्या पुढच्या सॉफ्टवेअरचे नाव 'सोनार'. २०१३ मध्ये गिटारींसाठी जगप्रसिद्ध असलेल्या गिब्सन कंपनीने केकवॉक विकत घेतली. २०१६ मध्ये सोनारच्या गिऱ्हाइकांना योजना देण्यात आली की, एकदा पैसे भरा आणि पुढच्या सर्व सुधारणा आजन्म मिळवा. अनेकांनी भरले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, गिब्सनने केकवॉकचे काम थांबवीत असल्याचे जाहीर केले, आणि मे २०१८ मध्ये कर्जाच्या ओझ्याखाली वाकलेल्या खुद्द गिब्सनला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. गिऱ्हाईक जिवंत, त्याचा संगणक जिवंत. संपला होता तो वचन देणाऱ्याचा जन्म! 'आजन्म' या शब्दाचा अर्थ हा असा आहे.

सुदैवाने फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅब कंपनीने केकवॉकची मत्ता घेतली आणि एप्रिलमध्ये तेच सॉफ्टवेअर फुकट वापरावयास दिले. म्हणजे ज्यांनी आजन्माचे पैसे मोजले होते आणि ज्यांनी एक दमडीही दिली नव्हती, ते एकाच पंगतीला बसले. तरी पान वाढले गेले हेच नशीब म्हणावयाचे. कंपनी बुडते तेव्हा घेणेकऱ्यांची रांग लागते. तारण ठेवून कर्ज देणारे पुढे असतात, आणि आगाऊ पैसे भरलेले साधे गिऱ्हाईक पार मागे उभे असते.

बुडालेल्या कंपनीचे सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांनीच तारल्याचेही एक उदाहरण आहे. हॉलंडात टोन रूसेंडाल यांच्या कंपनीने 'ब्लेंडर' हे त्रिमिती चित्रांचे सॉफ्टवेअर चालविले होते. २००२ च्या आरंभी भांडवलदारांनी हात आखडता घेतला आणि कंपनी बंद पडली. मूळ लिखाण भांडवलदारांच्या ताब्यात. रूसेंडाल यांनी त्यांच्याशी बोलणी केली : एक लाख युरो द्या नि मोकळे करा. मग जगभरच्या वापरणाऱ्यांपुढे झोळी फिरली आणि सात आठवड्यांत रक्कम उभी राहिली! १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडरचे लिखाण सर्वांना खुले झाले. याच ब्लेंडरवर तयार झालेल्या 'फ्लो' या लॅटव्हियातील चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळाले. तात्पर्य, सॉफ्टवेअरचे आयुष्य कंपनीच्या आयुष्याला बांधलेले असलेच पाहिजे असे नाही. ते लिखाण कोणाच्या कुलुपात आहे, यावर सारे अवलंबून असते.

आणि कंपनी गडगंज असली म्हणजे निर्धास्त राहावे असेही नाही. कंपन्या मरतात तशी त्यांची लग्नेही होतात, आणि सासरी गेल्यावर माहेरच्या वस्तू अडगळीत पडतात. आपल्याकडील छपाईच्या व्यवसायातील मंडळींना 'पेजमेकर' ठाऊक आहे. १९८५ मध्ये ऑल्डस कंपनीने ते काढले, १९९४ मध्ये ऑल्डस अॅडोबीत विलीन झाली आणि २००१ नंतर त्याची नवी मुख्य आवृत्ती निघाली नाही. कितीतरी मराठी पुस्तके नि अंक त्यावर जुळविले गेले, आणि तेही अशा फाँटांत की ज्यांची अक्षरांची मांडणी ज्याची त्याची निराळी. आज ती जुनी फाइल उघडावयास जावे आणि तो फाँट जवळ नसावा, तर 'श्रीगणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. छापलेला कागद मात्र अजून वाचता येतो!

येथे बाबांचा प्रश्न पुढे न्यावयाचा तो असा : कंपनी गेली, तर आपले काम आपल्या हाती राहील काय? सॉफ्टवेअरचे पाच-दहा हजार बुडाले तर हळहळ वाटते, पण ते पुन्हा मिळविता येतात. आजीच्या आवाजात मुद्रित केलेल्या ओव्या आता न उघडणाऱ्या फाइलीत अडकल्या आणि आजी राहिली नाही, तर ते नुकसान कोणत्या खात्यात मांडावयाचे?

तेव्हा काही साधे नियम पाळावे. सॉफ्टवेअर आज जे करते तेवढ्याचीच किंमत द्यावी. 'पुढच्या वर्षी हेही येणार आहे' याचे पैसे पुढच्या वर्षी. कंपनीविषयी शंका असेल तर महिन्याचे पैसे द्यावे, तीन वर्षांचे आगाऊ देऊ नयेत. आणि खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची परवानगी दिली असेल, तर ती आठवणीने तपासावी. कंपनी अडचणीत असल्याच्या बातम्या आणि पाऊण किमतीची सूट ही दोन्ही एकदम आली, तर तिला आजच रोकड का हवी आहे, हे मनाशी विचारावे. पावती, परवान्याचा क्रमांक नि मूळ फाइल जपून ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक पुऱ्या झालेल्या कामाची एक प्रत कोणत्याही सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात काढावी : आवाज 'डब्ल्यूएव्ही'त, सुरांची नोंद 'मिडी'त, चित्र 'पीएनजी' किंवा 'एसव्हीजी'त, मजकूर 'पीडीएफ'मध्ये. हे स्वरूप देण्याची सोयच ज्या सॉफ्टवेअरात नाही, ते फुकट मिळाले तरी महाग समजावे.

याचा अर्थ डळमळीत कंपनीकडे पाठ फिरवावी असा मात्र नव्हे. पुष्कळ सुरेख सॉफ्टवेअरे पाच-सात माणसांच्या लहान कंपन्यांची असतात, आणि त्यांची मिळकत आपणच असतो. 'ही टिकेल का ते पाहू नि मग घेऊ' असे प्रत्येकजण म्हणू लागला, तर ती टिकणार नाही हे ठरलेलेच. काम आवडले तर जरूर घ्यावे, रोख मोल द्यावे. उधारीवर विश्वास तेवढा ठेवू नये.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतो, दुकानाच्या पाटीची नव्हे. पाट्या बदलतात. त्या संध्याकाळी घरातील चिरंजीवांना नि कन्यकेला फराळाची ताटली देण्यापूर्वी एवढेच सांगावे की, वर्षभराच्या कामाची एक प्रत निराळ्या डिस्कवर काढून ती देवापुढे आणून ठेवा. चकल्या नंतर!