सायकलींचे शहर कसे घडले?

नेदरलँड्स या देशाचे अॅमस्टरडॅम हे सर्वांत मोठे शहर. सकाळी आठच्या सुमारास तिथल्या रस्त्यावर सायकलींची रांगच रांग दिसते. कोट घातलेला बँकेचा अधिकारी, दवाखान्यात ड्युटीवर निघालेली नर्स, सफाई कामगार, कॉलेजची पोरेपोरी, सत्तरीच्या आजीबाई, सगळे एकाच रांगेत. एखादी आई पुढच्या लाकडी पेटीत दोन मुले बसवून शाळेकडे चाललेली असते. पाऊस असला तरी रांग चालूच. फॅशनेबल सायकल कोणाकडे फारशी नाही. जुनी, काळी, गंजकी, पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागणारी सायकल. कुलपे मात्र दोन, कारण सायकलचोर तिथेही आहेत. २०१० ते २०२४ या काळात त्या देशाचे पंतप्रधान असलेले मार्क रुटे हेग शहरात अनेकदा सायकलवरूनच कचेरीत जात.

हे सारे आम्ही आमच्या कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत सांगत होतो. एक सहकारी म्हणाले, "अहो, त्या लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. शिवाय देश सपाट. आपल्याला कसे जमणार?"

देश सपाट आहे हे खरे. पण 'रक्तात आहे' हे शब्द ऐकले की आमचे कान उभे राहतात. माणसाचे गुणदोष रक्तातून ठरतात असे सांगणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या काय केले, ते आमच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून आम्ही या गोष्टीचा इतिहास शोधला. तो प्रत्येक घरात आईबापांनी मुलांना सांगावा असा आहे.

दुसऱ्या महायुद्धाआधी अॅमस्टरडॅममध्ये सायकली भरपूर होत्या. युद्धानंतर देशात पैसा आला आणि पैशाबरोबर मोटारी आल्या. चौक मोटारी उभ्या करण्यासाठी गेले, फूटपाथ आक्रसले. सायकल म्हणजे मागासलेपणा असे शहाणी माणसे म्हणू लागली. १९६७ साली जोकिनेन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने योजना मांडली की, एक कालवा बुजवावा, कामगारांच्या जुन्या वस्त्या पाडाव्यात आणि तिथून सहा पदरी रस्ता काढावा. प्रगतीसाठी आधी गरिबाचे घर पाडायचे, ही रीत तिथेही होतीच!

या प्रगतीची किंमत लेकरांनी मोजली. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात वाहन अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी सायकलने शाळेत जाताना मोटारीखाली गेली. हा बाप रडत बसला नाही. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'बालहत्या थांबवा'. ज्याला सगळे नशीब म्हणत होते, त्याला त्याने हत्या म्हटले. त्या मथळ्याच्याच नावाने चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्त्ये फान पुटेन या अॅमस्टरडॅममधल्या एक तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या.

या आयाबापांनी काय केले? ज्या रस्त्यांवर मुले मेली ते अडवले. रस्त्यात टेबले मांडून मुलांना खेळायला सोडले. पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरासमोर जाऊन गाणी म्हटली आणि मुलांसाठी सुरक्षित रस्ते मागितले. डे पाइप नावाच्या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत तर १९७२ साली मुलांनीच सह्या गोळा केल्या आणि खेळायला जागा हवी म्हणून गल्ली बंद केली. मोटारवाले अंगावर धावून आले, तरी मुले हटली नाहीत. हा प्रसंग टेलिव्हिजनवर देशभर दिसला.

१९७३ साली तेलाची टंचाई आली. सरकारने ४ नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. मोटारीविना शहर कसे दिसते ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले. १९७५ साली सायकलस्वारांनी आपली संघटना बांधली. त्या दशकाच्या अखेरीस हजारो माणसे सायकली घेऊन मोर्चात आली आणि भर रस्त्यात सायकलीशेजारी आडवी झाली. १९७८ साली निवडून आलेल्या नगरपालिकेने धोरण बदलले. जोकिनेनची योजना तर कागदावरच राहिली. मग हळूहळू, वर्षानुवर्षे, सायकलींचे वेगळे रस्ते झाले.

आज ती व्यवस्था कशी आहे? मोठ्या रस्त्यालगत तांबड्या डांबराची वेगळी वाट असते. तिथे मोटार येत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. कायदा असा की, मोटारीने चौदा वर्षांखालील सायकलस्वार मुलाला धडक दिली, तर मुलाची चूक असली तरी नुकसानभरपाई मोटारवाल्याच्या बाजूनेच द्यायची. ज्याच्या हाती अधिक ताकद, त्याच्यावर अधिक जबाबदारी. शाळेत अकरा-बारा वर्षांची मुले वाहतुकीची परीक्षा देतात. मुख्य रेल्वे स्टेशनासमोर २०२३ साली पाण्याखाली सुमारे सात हजार सायकलींचा तळ उघडला. पहिले चोवीस तास तिथे पैसे पडत नाहीत.

तिथे सारे आलबेल आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२३ साली देशभरात अपघातांत ६८४ माणसे गेली. त्यांत अडीचशेहून अधिक सायकलस्वार होते आणि त्यांतले बरेच वृद्ध. तरीही लोकसंख्या वाढलेली असताना १९७१ च्या मानाने हा आकडा चौथा हिस्सासुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या भगिनींसाठी. मोरोक्को, तुर्कस्तान अशा देशांतून आलेल्या कामगारांच्या बायकांना लहानपणी सायकल मिळालीच नव्हती. त्यांच्यासाठी अॅमस्टरडॅमच्या वस्त्यांतून शिकवणी वर्ग चालतात. चार पोरांची आई पदर, ओढणी सावरत तोल सांभाळायला शिकते. मग बाजाराला, दवाखान्याला, कामाला जायला तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही. शिस्त रक्तात असती, तर हे वर्ग लागलेच नसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सारे त्या सहकाऱ्यांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमचा मुलगा सातवीत आहे. सायकल मागतो, पण रस्ता पाहून धीर होत नाही."

१९७१ साली तिथल्या आईबापांचीही हीच भीती होती. फरक इतकाच की, त्यांनी ती घरात दडवून ठेवली नाही. चार घरच्या आयाबापांनी एकत्र येऊन ती सरकारच्या दारात नेऊन ठेवली.