निसरड्या वाटेवरील सारथ्य

नागपूरच्या एका भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांचे धाकटे चिरंजीव नववींत असून रोज संध्याकाळीं तासभर व्हिडिओ गेममध्यें रॅलीची मोटार हांकतात. डांबरी रस्त्यावर त्यांची गाडी बरी चालते. परंतु माती किंवा बर्फ आला कीं दुसर्‍या-तिसर्‍या वळणावर ती झाडावर आदळते, आणि मग कंट्रोलर गादीवर आपटला जातो. मामंजींचें म्हणणें असें कीं, तें खोकेंच विकून टाकावें. एवढ्यावरून त्यांनीं आम्हांस लिहिलें नसतें. परंतु थोरले चिरंजीव गेल्या ऑगस्टांत शिक्षणासाठीं माँट्रिअलला गेले आहेत, तेथें त्यांनीं एक जुनी मोटार घेतली आहे, आणि "बर्फावर गाडी कशी चालवावी हें मी गेममध्यें शिकलों आहें, तूं काळजी करूं नकोस," असें आईस कळविलें आहे. हें खरें मानावें काय, असें त्या विचारतात.

दोन्ही मुलांचे प्रश्न वरवर एक दिसले तरी भिन्न आहेत, म्हणून आधीं धाकट्याचा घेऊं. मातीवर गाडी घसरते ती दैवगतीनें, अशी पुष्कळ मुलांची समजूत असते. तसें नाहीं. सेगा कंपनीचा 'सेगा रॅली चॅम्पियनशिप' हा खेळ १९९५ च्या सुमारास आला, त्यांतच माती निराळी व डांबर निराळें हा भेद गाडीच्या चालींत उतरविलेला होता. १९९८ च्या 'कॉलिन मॅक्रे रॅली'ला १९९५ सालच्या जगज्जेत्या सारथ्याचें नांव होतें, आणि त्याचे सहचालक निकी ग्रिस्ट यांचा आवाज. २००४ च्या 'रिचर्ड बर्न्स रॅली'नें तर शर्यतीपूर्वीं शिकून घेण्यासाठीं एक शाळाच उघडली. २०१५ सालीं 'डर्ट रॅली' निघाला व २०१९ सालीं त्याचा दुसरा भाग. या दुसर्‍यांत आधीं गेलेल्या गाड्यांनीं रस्ता उखडलेला असतो, आणि मागून निघणारास त्यांच्याच चाकोर्‍यांतून जावें लागतें. असल्या खेळांत कोणत्या चाकावर किती भार आहे, तें किती घसरत आहे, याचा हिशेब यंत्र क्षणोक्षणीं करीत असतें. हिशेब आहे म्हणूनच तो मुलास समजावून देतां येतो.

टायरची जमिनीवरील पकड मोजकी असते. थांबणें, वेग घेणें आणि वळणें हे तिन्ही खर्च त्या एकाच पुंजींतून भागवावे लागतात. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक सुमारें ०.८ ते १ असतो, खडीमातीवर ०.५ ते ०.६ च्या आसपास. दाबून बसलेल्या बर्फावर ०.२ ते ०.३, आणि कांचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर तो ०.१ पर्यंत उतरतो. शंभराची प्राप्ति पंचविसांवर आली तरी गृहस्थानें पूर्वींचाच खर्च चालू ठेवावा, तसें मुलाचें होतें. वळणांत शिरल्यावर तो ब्रेकही दाबतो आणि स्टीअरिंगही फिरवितो. दोहोंना पुरेल इतकी पकड नसल्यामुळें गाडी सरळच जाते. गाडी वळत नाहीं असें पाहून तो स्टीअरिंग आणखी फिरवितो.

घरांतील मुलांच्या शेजारीं बसून आम्हीं जे अपघात पाहिले, त्यांतील बहुतेकांचें मूळ या 'आणखी' शब्दांत होतें. पुढील चाक एका मर्यादेपलीकडे तिरपें केलें कीं तें वळविण्याचें काम सोडून नुसतें खरडत जातें. अशा वेळीं करावयाचें तें मनास उलटें वाटतें: स्टीअरिंग थोडें सरळ करावें, ॲक्सिलरेटरवरील दाब कमी करावा, आणि चाकें पुन्हा फिरूं लागून जमीन धरीपर्यंत अर्धा क्षण वाट पाहावी. मुलांना हा अर्धा क्षण फार जड जातो. तेवढा साधला कीं वेळापत्रकावरील त्यांचा आंकडा आपोआप सुधारतो, हें आम्हीं पाहिलें आहे.

दुसरी गोष्ट भाराची. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला किंवा ब्रेकवर ठेवला कीं गाडीचा भार पुढें झुकतो. पुढील चाकें जमिनींत रुततात आणि मागील हलकीं होतात. वेग घेतांच तो भार मागें जातो. तेव्हां निसरड्या वाटेवर गाडी अर्धी हातांनीं व अर्धी पायांनीं वळते, असें म्हणण्यास हरकत नाहीं. वळणापूर्वीं, गाडी सरळ असतांनाच, ब्रेक लावून वेग उतरवावा. ब्रेक हळूहळू सोडीत, भार पुढें आहे तोंच तोंड वळवावें. आणि गाडीचें नाक बाहेर पडण्याच्या दिशेस लागलें म्हणजे मगच वेग द्यावा. डांबराच्या मानानें हें सगळें बरेंच आधीं करावें लागतें. वळण दिसल्यावर वळूं लागणारा मुलगा बर्फावर नेहमीं उशिरांच पोंचतो.

माती आणि बर्फ यांना एका मापानें मोजूं नये. डांबरावर टायर थोड्याशा कोनानें घसरला कीं त्याची पकड कमाल होते आणि पुढें घटूं लागते. सैल मातीवर ही कमाल बर्‍याच मोठ्या कोनावर येते. कारण तिरपें झालेलें चाक मातीचा लहानसा बांध पुढें रचीत जातें व त्या बांधाचा रेटा त्यास मिळतो. यामुळें मातीवर गाडीचें शेपूट किंचित् बाहेर ठेवून जाणें हा उनाडपणा नसून वेग राखण्याचा मार्ग आहे. अडकून बसलेलें चाकही मातींत असाच ढीग रचतें. म्हणून एबीएस नांवाची जी योजना चाकें अडकूं देत नाहीं, ती सैल खडीवर थांबण्याचें अंतर उलट वाढवूं शकते. मातीच्या शर्यतींत ती बंद ठेवून पाहावी. कठीण बर्फाच्या कांचेवर मात्र बांध रचण्यास कांहींच नसतें. तेथें तिरपें जाण्यापासून लाभ नाहीं.

ही विद्या खेळ करणार्‍यांनीं कल्पनेनें रचलेली नाहीं, ती स्वीडन-फिनलंडकडील वाटांवर तयार झाली. साब गाडीचा सारथी एरिक कार्लसन यानें १९६० ते १९६२ अशी लागोपाठ तीन वर्षें इंग्लंडची आरएसी रॅली आणि १९६२ व १९६३ सालीं माँटे कार्लोची रॅली जिंकली, ती अगदींच लहान इंजिनाच्या गाडीनें. अशा गाडींत इंजिन पुढील चाकें ओढतें. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायानें ब्रेक दाबला तर पुढील चाकें इंजिनाच्या जोरामुळें फिरत राहतात, मागील तेवढीं अडखळतात, आणि शेपूट वळणाबाहेर सरकून नाक आंत येतें. कंट्रोलरवर ब्रेक व ॲक्सिलरेटर यांस दोन निराळीं बोटें असल्यामुळें ही युक्ति मुलास पायांपेक्षां लौकर साधते. दुसरी युक्ति झोक्याची. डावें वळण घ्यावयाचें असल्यास आधीं क्षणभर गाडी उजवीकडे वळवून ॲक्सिलरेटर सोडावा. मागचा भाग एका बाजूस झुलतो. त्याच वेळीं डावीकडे वळविलें कीं झोका उलटतो आणि गाडी वळणांत तोंड घालते. झोका येईल तितका परतही जाईल, हें मुलें विसरतात. पहिली घसर सांवरून हुश्श करतात तोंच दुसरी त्यांना खड्ड्यांत नेते. शेपूट परत येऊं लागतांच स्टीअरिंग सरळ करावें. तें येऊन पोंचेपर्यंत थांबूं नये.

चारही चाकांना जोर देणारी आउडी क्वाट्रो १९८० सालीं आली, तेव्हांपासून हें शास्त्र पुष्कळ बदललें. हीच गाडी घेऊन मिशेल मूतों या फ्रेंच बाईनें १९८१ ची सान रेमो रॅली जिंकली; जागतिक मालिकेंतील रॅली जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि तिच्या शेजारीं बसलेली सहचालकही स्त्रीच, फाब्रिझिया पोन्स. पुढल्या वर्षीं जगज्जेतेपद तिच्या हातून थोडक्यांत निसटलें. 'हे मुलग्यांचे खेळ' असें म्हणून बहिणीस कंट्रोलर न देणार्‍या भावांस हें वाचून दाखवावें.

बर्फाविषयीं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण थोरल्या चिरंजीवांचा प्रश्न त्याच्याशीं निगडित आहे. स्वीडनच्या रॅलींत गाड्यांना अरुंद टायर असतात आणि प्रत्येकांत तीनशेंहून अधिक धातूचे खिळे बसविलेले असतात. अरुंद टायर वरचा भुसभुशीत थर कापून खालच्या कठीण पृष्ठापर्यंत जातो व खिळे तेथें रुततात. त्यामुळें त्या गाड्या बर्फावर जो वेग घेतात तो पाहून थक्क व्हावें. रस्त्याच्या कडेस बर्फाचे बांध असतात; निष्णात सारथी गाडीचें शेपूट त्यांवर अलगद टेंकवून वळतो, आणि खेळांतही हें साधतें; मात्र नाक बांधांत शिरलें तर गाडी आंत ओढली जाते. माँटे कार्लोची गोष्ट याहून कठीण. तेथें कोरडें डांबर चालूं असतां एकाएकीं सांवलीतल्या वळणावर गोठलेल्या पाण्याचा पट्टा लागतो. निसरडेपणापेक्षां हा बदल माणसास फसवितो.

आतां माँट्रिअलकडे वळूं. थोरल्या चिरंजीवांनीं खेळांत जो बर्फ जिंकला तो खिळ्यांच्या टायरांनीं जिंकलेला आहे. त्यांच्या जुन्या मोटारीस तसे टायर असतील असें धरून चालूं नये. क्वेबेक प्रांतांत १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत हिंवाळी टायर लावणें कायद्यानें सक्तीचें आहे. ते लावले काय, हें आईनें पहिल्याच फोनवर विचारावें. परंतु साध्या हिंवाळी टायरांत खिळे नसतात. ताशीं ५० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारें १२ मीटरांत थांबते; तीच दाबलेल्या बर्फावर ५० मीटर आणि गोठलेल्या पाण्यावर १०० मीटरांच्या घरांत जाते. शिवाय माणसाच्या डोळ्यानें पाहून पायानें दाबीपर्यंतचें अंतर निराळेंच. हे आंकडे त्यांनीं कागदावर स्वतः मांडून पाहावे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास तें गणित कठीण नाहीं.

खेळांतलें सगळेंच तेथें निरुपयोगी आहे, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. वळणापूर्वीं वेग उतरविणें, पायाचा दाब हळुवार ठेवणें, गाडी वळेना झाल्यास स्टीअरिंग अधिक न फिरवितां सैल सोडणें, आणि घसर लागली असतां समोरच्या झाडाकडे न पाहतां जेथें जावयाचें तेथें पाहणें, ह्या संवयी पडद्यावर पडल्या तरी खर्‍याच असतात. झोका देणें, शेपूट बाहेर काढणें, हॅण्डब्रेक ओढणें, हें सार्वजनिक रस्त्यावर एकदांही करूं नये. एबीएसची गोष्ट तर उलट होते: मातीच्या शर्यतींत जी बंद ठेवा म्हणून आम्हीं सांगितलें, ती रस्त्यावरच्या मोटारींत असूं द्यावी, आणि प्रसंगीं ब्रेक घट्ट दाबून धरावा, पाय थरथरल्यासारखा वाटला तरी उचलूं नये. आणि एक उणीव खेळांत कायमचीच आहे. खरी गाडी घसरूं लागते तें आधीं बैठकीला कळतें, कमरेला कळतें, मग डोळ्यांस. पडद्यापुढें बसणारास ही सूचना कधींच मिळालेली नसते; तो डोळ्यांवर विसंबून, म्हणजे उशिरां, शिकलेला असतो. तेव्हां चिरंजीवांनीं बर्फ पडूं लागण्यापूर्वीं तेथल्या एखाद्या मोटार-शिक्षकाकडून हिंवाळ्यांतील चालविण्याचे चार धडे घ्यावे. त्यास पैसे पडतील. ते आईवडिलांनीं द्यावे. गाडी घेऊं दिली आहे, तर हा खर्च गाडीच्या किंमतींतच धरावयाचा.

धाकट्यांसाठीं थोडें उरलें. जोरदार गाड्या तूर्त बाजूस ठेवून त्यांनीं 'डर्ट रॅली'च्या दुसर्‍या भागांतील लान्सिया फुल्व्हियासारखी जुनी, कमी ताकदीची, पुढील चाकांनीं ओढणारी गाडी घ्यावी आणि एकच मार्ग आठवडाभर चालवावा. मातीसाठीं स्प्रिंगा मऊ व गाडीची उंची थोडी अधिक ठेवावी; बर्फावर ब्रेकचा एकंदर जोर कमी करावा, व चाकें नुसतीं गरगरूं लागल्यास एक गिअर वर टाकावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर कशानें काय झालें तें कळत नाहीं. पहिले पांच फेरे घड्याळ न पाहतां, एकदांही न आदळण्याच्या बेतानें करावे.

सहचालकाचें बोलणेंही लक्ष देऊन ऐकावें. तो वळण येण्यापूर्वींच तें सांगतो, आणि त्याच्या वाक्यांत सूत्रकारांस शोभेल असा संक्षेप असतो: 'लेफ्ट फोर टाइटन्स' म्हणजे डावें वळण, मध्यम, पुढें आवळत जाणारें, 'क्रेस्ट' म्हणजे पलीकडचें दिसूं न देणारा उंचवटा, आंकडा जितका लहान तितकें वळण अवघड. नववींतल्या मुलास हें वेगांत उमगत नाहीं, म्हणून तो तिकडे दुर्लक्ष करतो आणि आंधळ्यासारखा वळणावर येऊन पडतो. मामंजींचें इंग्रजी चांगलें आहे असें पत्रावरून दिसतें. त्यांनीं एक संध्याकाळ नातवाशेजारीं बसून हे पंधरा-वीस शब्द त्यांच्या मराठी अर्थांसह मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे आणि तो कागद पडद्याच्या वर चिकटवावा.