हवेतल्या खेळाडूचा वाली कोण?

३ मे २०२२ रोजी अमेरिकेतील मेंफिस शहरी व्यावसायिक बास्केटबॉलचा एक सामना चालू होता. गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाचे गॅरी पेटन दुसरे हे चेंडू घेऊन टोपलीकडे धावले व चेंडू टाकण्यासाठी त्यांनी उडी घेतली. मागून आलेल्या मेंफिसच्या डिलन ब्रूक्स यांनी हात फिरवला. तो पेटन यांच्या डोक्यावर बसला. पेटन लाकडी जमिनीवर आदळले आणि त्यांच्या डाव्या कोपराचे हाड मोडले. पंचांनी ब्रूक्स यांस बाहेर काढले, आणि राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, म्हणजे ज्या एनबीएचे सामने २०१९ साली मुंबईकरांनीही प्रत्यक्ष पाहिले त्या संस्थेने, त्यांना शिक्षा सुनावली. शिक्षा किती? एका सामन्याची बंदी. पेटन महिन्याहून अधिक काळ बाहेर बसले. ब्रूक्स त्याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात पुन्हा खेळत होते.

ही एकच घटना असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण त्याच वर्षी २१ जानेवारीस मिलवॉकीच्या ग्रेसन ॲलन यांनी शिकागोच्या ॲलेक्स करूसो यांस असेच हवेत असताना खाली पाडले. करूसो यांचे मनगट मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली, सहा ते आठ आठवडे ते खेळणार नाहीत असे त्यांच्या संघास जाहीर करावे लागले. आणि ॲलन यांस बंदी झाली तीही एकाच सामन्याची. हाड मोडण्याचा जणू हा ठराविक दरच झाला!

यावर लोकांच्या तोंडी जो उपाय लगेच येतो तो असा की, जखमी खेळाडू जितके दिवस बाहेर, तितकेच दिवस जखमी करणाराही बाहेर. ऐकायला हा न्याय फार गोड लागतो. आम्हांस मात्र तो मान्य नाही. दुखापत किती होईल हे निम्मे दैवावर असते. एकाच प्रकारे पडलेल्या दोघांपैकी एक धूळ झटकून उठतो, दुसरा रुग्णालयात जातो. १९८४ च्या अंतिम मालिकेतील चौथा सामना पाहा. बॉस्टनच्या केव्हिन मॅकहेल यांनी लॉस एंजेलिस लेकर्सच्या कर्ट रॅम्बिस यांच्या मानेवर हवेतच आडवा हात घालून त्यांना जमिनीवर आपटले. बास्केटबॉलच्या इतिहासात याहून उघड दांडगाई क्वचितच झाली असेल. रॅम्बिस उठून उभे राहिले. मॅकहेल यांस सामन्यातून बाहेरही काढण्यात आले नाही. तोवर मालिकेत मागे असलेल्या बॉस्टनने तो सामना जिंकला, पुढे अजिंक्यपदही जिंकले, आणि मालिका त्या आघाताने फिरली असे आजही अभिमानाने सांगणारे लोक आहेत. दुखापतीच्या मापाने मोजले तर मॅकहेल निर्दोष ठरतात. असले माप आम्हांस नको. शिक्षा कृत्याला असावी, आणि कृत्य मोजताना प्रथम हे पाहावे की समोरचा माणूस त्या क्षणी स्वतःचे रक्षण करू शकत होता की नाही.

बास्केटबॉलची टोपली जमिनीपासून दहा फूट उंचीवर असते. तिच्याकडे झेपावणारा खेळाडू पूर्ण वेगात असतो, दृष्टी वर, हात वर, पाय अधांतरी. कुस्तीच्या आखाड्यात खाली जाणारा मल्ल निदान प्रतिस्पर्ध्याला धरून असतो. मातीही त्याला सांभाळून घेते. येथे धरायला काही नाही. म्हणून त्याच्या उतरण्याची जबाबदारी त्याच्या इतकीच खाली उभ्या असलेल्या विरोधकावरही येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘तसा हेतू नव्हता,’ हे यावरचे ठरलेले उत्तर. मे २०१७ मध्ये पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेतील पहिल्या सामन्यात वॉरियर्सचे झाझा पाचुलिया हे उडी मारून चेंडू फेकणाऱ्या कावाय लेनर्ड यांच्या पायांखाली सरकले. लेनर्ड उतरले ते त्यांच्या पावलावर, आणि आधीच दुखावलेला घोटा पुन्हा मुरगळला. त्या वेळी लेनर्ड यांचा सॅन ॲन्टोनिओ संघ २३ गुणांनी पुढे होता. शेवटी तो ११३ विरुद्ध १११ असा हरला. लेनर्ड त्या मालिकेत पुन्हा उतरले नाहीत व त्यांचा संघ चारही सामने गमावून बसला. पंचांनी दिला होता साधा फाऊल. पाचुलिया म्हणाले, हेतू नव्हता. सॅन ॲन्टोनिओचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांनी त्यावर जाहीरपणे विचारले की, मोटार हाकताना फोनवर संदेश लिहिणाऱ्याच्या हातून माणूस मेला, तर मारण्याचा हेतू नव्हता म्हणून तो तुरुंगातून सुटतो काय? या प्रश्नातच सर्व वाद मिटायला हवा. हेतू मनात असतो, बेपर्वाई मात्र पडद्यावर दहा वेळा दिसते. संघटनेनेही त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हे अंशतः कबूल केले आणि फेकणाऱ्याच्या पायांखाली बेपर्वाईने शिरण्याचा प्रकार चित्रफितीवर पाहून वाढीव शिक्षा देण्याचा अधिकार पंचांना दिला. (पाच वर्षांनी मेंफिसला याच वॉरियर्स संघाचा खेळाडू जखमी झाला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी खेळाडूंमधील अलिखित संकेत मोडल्याची तक्रार केली. तक्रार रास्तच होती. पण असे संकेत आपला माणूस पडला म्हणजेच आठवतात.)

नियम नाहीत असे नाही. १९९० च्या हंगामापासून ‘फ्लेग्रंट’ म्हणजे अनावश्यक दांडगाईचा फाऊल अशी वेगळी वर्गवारी आहे. पहिल्या प्रतीच्या अशा फाऊलास एक दोषांक, दुसऱ्या प्रतीच्या, म्हणजे अनावश्यक व अतिरेकी आघातास दोन दोषांक. अंतिम फेऱ्यांत तिनाहून अधिक दोषांक झाले की एका सामन्याची बंदी आपोआप लागू होते. या हिशेबाचा धाक केवढा असतो ते २०१६ साली दिसले. वॉरियर्स अंतिम मालिकेत तीन विरुद्ध एक असे पुढे असताना ड्रेमंड ग्रीन यांचे चार दोषांक भरले, पाचव्या सामन्यास ते मुकले, आणि क्लीव्हलंडने ती मालिका चार विरुद्ध तीन अशी खेचून नेली. मोठ्या खेळाडूलाही सोडले नाही, याबद्दल संघटनेस श्रेय दिलेच पाहिजे. मात्र हे खाते दर हंगामास पुसले जाते. सावकार जुनी बाकी विसरत नाही, मग खेळाडूंची हाडे मोडणाऱ्यांची बाकीच का विसरली जावी? दोषांक किमान तीन हंगाम पुढे ओढावेत, आणि हवेतील खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर झालेल्या बेपर्वा आघातास, जखम होवो वा न होवो, दहा सामन्यांहून कमी बंदी असू नये.

यामुळे खेळ मिळमिळीत होईल, अशी भीती जुने खेळाडू घालतात. जोरदार बचाव आणि हवेतल्या माणसाला आपटणे यांतील फरक ज्यांना कळत नाही, त्यांनी खेळाची काळजी वाहू नये.

राहिला संघाचा प्रश्न. ९ डिसेंबर १९७७ रोजी लेकर्सचे कर्मिट वॉशिंग्टन यांनी एका झटापटीत, भांडण थांबवण्यासाठी धावत आलेल्या ह्यूस्टनच्या रूडी टॉमजानोविच यांच्या तोंडावर ठोसा मारला. टॉमजानोविच यांच्या चेहऱ्याची व कवटीची हाडे मोडली, मेंदूभोवतालचा द्रव झिरपू लागला, जीव वाचला हेच पुष्कळ झाले. वॉशिंग्टन यांस १०,००० डॉलर दंड व साठ दिवसांची बंदी झाली. २६ सामने ते मुकले. आणि लेकर्सनी काय केले? १८ दिवसांनी त्यांनी वॉशिंग्टन यांस बॉस्टनला देऊन टाकले व बदल्यात दुसरा खेळाडू घेतला. बंदीचे उरलेले दिवस वॉशिंग्टन यांच्याबरोबर गेले.

टॉमजानोविच यांनी दावा लावला तो लेकर्सच्या मालक कंपनीवर: आपल्या खेळाडूस शिस्त लावणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे हे मालकाचे काम होते, असे त्यांचे म्हणणे. १९७९ साली ह्यूस्टन येथील ज्यूरीने ते मान्य केले आणि तीस लाख डॉलरांहून अधिक भरपाई ठरवली. पुढे प्रकरण तडजोडीने मिटले. संघाची जबाबदारी ठरवण्याचे काम असे न्यायालयावर टाकून संघटनेने मोकळे होऊ नये. ज्याच्या खेळाडूवर बंदी येईल त्या संघास तेवढे सामने एक माणूस कमी घेऊनच खेळावे लागावे, बंदी संपेपर्यंत त्या खेळाडूची अदलाबदल करता येऊ नये, आणि जखमी खेळाडूच्या त्या काळातील पगाराचा भार त्याच संघावर पडावा.