ओळखीचा माल

दिवाळीच्या साफसफाईत मेहरूणमधील आमच्या एका आप्तांच्या दुकानाच्या माळ्यावर एक खोके निघाले. आत लाकडी भोवरे, खुळखुळे, लाल-पिवळ्या आगगाड्या. माल दहा वर्षांपूर्वीचा. त्यावर ना छाप, ना बनवणाऱ्याचे नाव. सूनबाई म्हणाल्या, विकू नये. सासरे म्हणाले, "अरे, ओळखीच्या माणसाकडून घेतलेला माल आहे!" निवाडा माझ्याकडे आला.

ओळखीवरच आपला व्यापार उभा आहे, हे मीही जाणतो. पण २००७ सालची एक हकिगत मला त्या वेळी सांगावी लागली. २ ऑगस्ट रोजी मॅटेल या अमेरिकन कंपनीने फिशर-प्राइस नावाची सुमारे १५ लाख खेळणी परत मागवली, कारण त्यांच्या रंगात शिसे निघाले. ती बनवणारा चीनमधील फोशानचा कारखाना या कंपनीचा पंधरा वर्षांचा पुरवठादार होता. आणि त्याला तो रंग दिला होता कारखानदाराच्याच एका जिवलग मित्राने, असे तिकडील वृत्तपत्रांनी छापले. त्या कारखानदाराने पुढे दहा दिवसांत आत्महत्या केली. ओळख तेथेही होती, तपासणी नव्हती.

लाल-पिवळ्या रंगाला तजेला यावा म्हणून शिशाचे क्रोमेट वापरले जात असे. बाळ खेळणे तोंडात घालते, आणि प्रौढांच्या तुलनेत त्याचे शरीर चार-पाच पट शिसे शोषून घेते. बहुधा ना ताप, ना उलटी. हानी मेंदूला होते आणि ती भरून येत नाही. शिशाचे निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे केवळ परदेशी मालापुरते नाही. त्याच सुमारास टॉक्सिक्स लिंक या संस्थेने दिल्ली, मुंबई व चेन्नईच्या बाजारांतील बिननावाची १११ मऊ प्लॅस्टिकची खेळणी तपासली. शिसे सर्वांत आढळले, प्रमाण मात्र कमीअधिक.

मॅटेलचा माल परत आला, कारण त्यावर नाव आणि तारखेचा सांकेतिक अंक होता. आमच्या खोक्यातील आगगाडी कोण परत मागवणार?

कायद्याने तर उत्तर सरळ दिले आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह हवे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना सवलत आहे, पण त्यांनाही रंग कोणता हे विचारायला हरकत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणखी पुढे जातो: उत्पादक कोण हे ठाऊक नसेल, तर सदोष मालाबद्दल विक्रेताच जबाबदार. बिननावाचा माल स्वस्त का पडतो, हे येथे उमगते.

कोणी म्हणाले, मग बालकाश्रमाला देऊन टाकू. दान म्हणून! तेथील मुले खेळणी तोंडात घालत नाहीत की काय? जाळण्याचीही सूचना आली. पण शिसे जळून नाहीसे होत नाही, धुरात आणि राखेत उरते. शेवटी खोके चिकटपट्टीने बंद करून, वर "विकू नये" असे लिहून बाजूला ठेवले.

सासरे बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्या वर्षाची जुनी उधारीची वही मागवली. त्या आगगाड्या कोणाकोणाकडे गेल्या, ते त्यांना पुष्कळसे आठवत होते. पहिला फोन त्यांनी धुळ्याला, आपल्या लेकीच्या सासरी केला.