भूगोलाचा शिक्षक एकटा पडू नये

स्मरणिकेत निकालाचा आलेख छापला जातो, गुणवंतांची छायाचित्रे छापली जातात, देणगीदारांचे ऋण व्यक्त केले जाते. हे सारे योग्यच आहे. पण एखादा विषय शाळेत प्रत्यक्षात कसा शिकवला जातो आणि तो शिकवणाऱ्याला आधार कोणाचा असतो, याचा विचार अशा प्रसंगी क्वचितच होतो. तो येथे भूगोलापुरता करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, भिंतीवर नवे नकाशे टांगण्याआधी शाळेने आपल्या भूगोल शिक्षकाला त्याच्या विषयाच्या संघटनेशी जोडून द्यावे आणि त्याचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा.

भूगोलाकडे आपण कसे पाहतो हे 2020 साली दिसून आले. टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून गुण देण्यात आले. त्या परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता. पण चाळीस गुणांचा विषय सुटला याचे समाधानच अधिक घरांत होते. काही शिकायचे राहून गेले, अशी खंत फारशी कोणाला वाटली नाही. शाळांतही चित्र निराळे नाही. भूगोलाचा तास पुष्कळदा इतिहासाच्या किंवा भाषेच्या पदवीधराकडे येतो. तो मन लावून शिकवतो. परंतु अडलेले विचारावे असा त्या विषयाचा दुसरा माणूस शाळेत नसतो.

या दुर्लक्षाची किंमत लहान नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले असे आपण अभिमानाने सांगतो, ती कोठून येते, कोणत्या वस्त्यांतून जाते आणि तिचे पात्र कोठे आवळले गेले आहे, हे किती सुशिक्षित नागपूरकर सांगू शकतील? नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. ही साखळी पाठ असणे वेगळे आणि आपल्या घरचे सांडपाणी याच वाटेने गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते हे कळणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान शिक्षकाने मुलांना नदीकाठी नेल्याशिवाय येत नाही.

आपल्या समाजाला तर या विषयाची निकड अधिक आहे. आपली वस्ती गावाच्या कोणत्या बाजूस आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला की खालच्या, पाणवठा किती पावलांवर आहे, जमीन कोणाच्या नावे आणि कोणत्या प्रतीची आहे, हे सारे भूगोलाचेच प्रश्न आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांना दिशा दिली. नदीचे खोरे हा एकच घटक मानून त्याचा विकास करावा, ही त्यामागील दृष्टी भूगोलाची होती. त्यांच्या लेकरांना नकाशा वाचता येऊ नये, ही गोष्ट मनाला पटत नाही.

मग संघटनाच का? एक साधा प्रयोग पाहू. 22 डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही नागपुरात एक मीटर काठीची सावली सुमारे 99 सेंटिमीटर पडते. मूल आपल्या उंचीएवढीच सावली पाहते. त्याच दिवशी कोल्हापुरात ती सुमारे 84 सेंटिमीटर असते. दोन्ही सावल्यांवरून सूर्याच्या उंचीतील साडेचार अंशांच्या आसपासचा फरक निघतो. दोन्ही शहरांतील उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 495 किलोमीटर आहे. या दोन आकड्यांवरून आठवीची मुले पृथ्वीचा सुमारे 40,000 किलोमीटरचा परीघ स्वतः काढू शकतात. मात्र त्यासाठी कोल्हापुरात कोणीतरी दुसरी काठी रोवणारा हवा. एकट्या शिक्षकाने कितीही कष्ट केले तरी त्याच्याजवळ एकच सावली असते.

इंग्लंडमध्ये 1893 साली ‘जिऑग्राफिकल असोसिएशन’ स्थापन झाली ती अशाच गरजेतून. वर्गात पडद्यावर दाखवण्याच्या काचेवरील चित्रांची शिक्षकांनी आपसांत देवाणघेवाण करावी, हा तिचा आरंभीचा हेतू होता. आपल्या देशात 1926 साली मद्रासमध्ये भूगोलाची संघटना उभी राहिली. तीच पुढे ‘इंडियन जिऑग्राफिकल सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. आपल्या राज्यात महाराष्ट्र भूगोलशास्त्र परिषद आहे, तिची संशोधन पत्रिका आहे. प्रा. सी. डी. देशपांडे यांच्या स्मरणार्थ 14 जानेवारीला महाराष्ट्रात भूगोल दिन साजरा होतो. परंतु या कार्याचा भर प्रामुख्याने महाविद्यालयांवर राहिला. शाळेतील शिक्षक त्यात मोठ्या संख्येने शिरला, तरच त्याचा लाभ आठवीच्या वर्गापर्यंत झिरपेल.

अशा सहवासात चुकाही दुरुस्त होतात. उत्तरायण मकरसंक्रांतीला सुरू होते असे आजही वर्गात सांगितले जाते. प्रत्यक्षात ते 22 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते. या दोन घटना एकाच दिवशी येत त्याला सुमारे 1700 वर्षे झाली. झिरो माइल म्हणजे भारताचा भौगोलिक मध्यबिंदू, हेही नागपुरात सर्रास ऐकू येते, तेथील ‘जी.टी.एस.’ दगड मात्र समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याच्या कामासाठी 1907 साली बसवलेला आहे. ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी, ही शिकवण आपल्या शाळेला नवी नाही.

‘संघटना’ म्हटले की वेतन, बदल्या आणि मोर्चे डोळ्यांसमोर येतात. त्या संघटनांचे कार्य आवश्यकच आहे. पण विषयाची संघटना निराळी. शिक्षक दोन दिवस अधिवेशनाला गेला तर तास बुडतात, ही तक्रारही खरी आहे. मात्र परत आल्यावर तो जे आणतो, ते पुढील अनेक वर्षांच्या तासांना पुरते.

म्हणून काही सूचना. शाळेने भूगोल शिक्षकाची सभासद वर्गणी भरावी आणि अधिवेशनासाठी त्याला कर्तव्यरजा द्यावी. माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या पारितोषिकाऐवजी यासाठी कायम निधी उभारावा. त्यातून भारतीय सर्वेक्षण विभागाचा नागपूरचा नकाशा, जुन्या क्रमांकाने 55 ओ/4, प्रत्येक वर्गात यावा. जिल्ह्यातील भूगोल शिक्षकांचा मेळावा दर 14 जानेवारीला आपल्या आवारात भरावा.

आणि एक गोष्ट निवासी शाळाच देऊ शकते. दिवसाच्या शाळेला रविवारी कुलूप असते. आपली मुले रविवारीही येथेच असतात. पावसाळ्यातील एकही दिवस न चुकवता पर्जन्यमापकाची नोंद ठेवणे त्यांना शक्य आहे. दिवाळीच्या सुटीत हीच मुले वेगवेगळ्या गावी जातात; प्रत्येकाने आपल्या वस्तीचा, पाणवठ्याचा आणि वाटांचा नकाशा काढून आणला, तर काही वर्षांत विदर्भातील कितीतरी गावांचा दस्तऐवज आपल्याजवळ जमेल. पालकांनी त्या सुटीत मुलाबरोबर गावाला एक फेरी मारावी, एवढेच त्यांच्याकडे मागणे आहे.