वीस वर्षांची जबान

बारावीचा निकाल लागला की आपल्या कितीतरी घरांत दिल्लीच्या जामियाचे नाव निघते. केंद्रीय विद्यापीठ आहे, म्हणून आपण प्रवेशासाठी धडपडतो. पण ते कोणी जगवले, हे आपण मुलांना क्वचितच सांगतो.

२९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढमध्ये, कॉलेजच्या मशिदीत, मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाचा पाया घातला गेला. माल्टाच्या कैदेतून सुटलेले मौलाना इतके आजारी होते की त्यांचे भाषण दुसऱ्याने वाचले. सुमारे महिनाभराने त्यांचा इंतेकाल झाला.

इंग्रज सरकारचा पैसा घ्यायचा नाही, हा जामियाचा बाणा. खर्चाचा भार खिलाफत कमिटीवर होता. १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफतच संपली आणि ती मदत आटली. संस्था बंद करावी, असेही बोलले जाऊ लागले. हकीम अजमल खान यांनी १९२५ मध्ये ती दिल्लीला करोल बागेत आणली आणि पदरमोड करून चालवली. १९२७ च्या अखेरीस तेही गेले.

तेव्हा उस्ताद पुढे आले. डॉ. झाकिर हुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी जबान दिली: वीस वर्षे इथेच शिकवू, महिना दीडशे रुपयांहून अधिक घेणार नाही. ‘हमदर्दान-ए-जामिया’ या नावाने सामान्य माणसांकडून छोट्या-छोट्या रकमा जमवल्या गेल्या. बर्लिनहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबॉर्न या यहुदी बाईंनी इथल्या लहानग्यांसाठी आयुष्य वाहिले. मुले त्यांना ‘आपाजान’ म्हणत. १९४३ मध्ये त्या वारल्या. त्यांची कबर जामियाच्याच कब्रस्तानात आहे.

१९३५ मध्ये ओखल्याच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली, ती सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून. १९८८ मध्ये संसदेच्या कायद्याने जामिया केंद्रीय विद्यापीठ झाले. आज तिथे सर्व धर्मांची मुले-मुली शिकतात.

आपणही शाळांना चंदा देतो. पण बहुधा इमारतीला देतो, कारण तिथे नावाची फरशी बसते. उस्तादांच्या पगाराची मात्र कोणी विचारपूस करत नाही. जामियाकडे इमारत नव्हती तेव्हाही ती टिकली, ती उस्तादांमुळे आणि महिन्याकाठी थोडे थोडे देणाऱ्यांमुळे. आपल्या मोहल्ल्यातील शाळेसाठी दरमहा ठरलेली रक्कम बाजूला काढणे आपल्यापैकी बहुतेकांना जमण्यासारखे आहे. या महिन्यापासूनच सुरुवात करू या, इन्शाअल्लाह.